एका सहीचा उशीर



मुंबईहून हावड्याकडे जाताना दुर्गच्या अलीकडे रसमडा हे लहानसे स्थानक लागते. मी नोकरीनिमित्त दुर्गला असताना आमच्या कार्यालयातील शिपायाची सून या गावाहून प्रसूतीसाठी शहरातील एका रुग्णालयात आली. मूल सुखरूप जन्मले. पण रक्तस्राव काही थांबेना.

वार पडल्यावर गर्भाशय आकसते व त्याच्या स्नायूंच्या विळख्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ते आकसले नाही, तर अनर्थ ओढवतो. कारण भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. औषधे, रबरी फुगा, टाके हे सारे उपाय थकले, म्हणजे गर्भाशय काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो. इटलीतील पाव्हिया येथे १८७६ साली एदुआर्दो पोरो यांनी पोट चिरून मूल बाहेर काढल्यावर रक्त थांबेना, म्हणून गर्भाशयच छेदून काढले; माता व मूल दोघेही वाचली.

आमच्या येथे डॉक्टर तयार होते, रक्ताची सोय झाली होती; अडले होते ते सहीपाशी. नवरा कारखान्यात पाळीवर. सासू म्हणे, ‘मुलाला विचारल्यावाचून कूस कशी काढू द्यायची?’ आणि रोज शेकडो कागदांवर सह्या करणारा मीही त्या मुलाला फोन लावीत बसलो होतो! अखेर खाटेवरून क्षीण स्वर आला, ‘सही मी करते.’

ती शुद्धीवर होती, आणि तिला विचारण्याचे आम्हां कोणालाच सुचले नव्हते.

कायदा तर तिच्याच बाजूचा होता. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सज्ञान व सक्षम रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी; आईने तिच्या वतीने दिलेली चालत नाही. प्राण वाचवण्यासाठी थांबणेच अशक्य असेल, तर मात्र डॉक्टरांना संमतीवाचूनही शस्त्रक्रिया करता येते.

ती वाचली. पुढे मूल होणार नाही याचे दुःख तिला आहेच, आणि ते हलके लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्या दुःखाला घरच्यांच्या टोमण्यांची जोड मिळू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. घरात बाळंतपण जवळ आले, की बारशाच्या नावाआधी हा विषय काढावा, आणि तिचे मत तिलाच विचारून ठेवावे.