मंडळाची वार्षिक सहल

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी एखादा भारदस्त विषय निवडावा, अशी आपल्या चिटणीसांची इच्छा होती. परंतु मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभे आयुष्य मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेला माणूस. समाजाच्या उत्कर्षाची तत्त्वे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. शाळेत असताना वर्षानुवर्षे मुलांच्या सहली नेल्या आणि निवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींत माझा समावेश झाला. तेव्हा ज्या विषयाचा थोडाफार अनुभव आहे तोच आपणांपुढे मांडतो. विषय हलका वाटला तरी त्यात मंडळाच्या जीवनाशी संबंध असलेली एक गोष्ट दडलेली आहे, असे माझे नम्र मत आहे.

घराबाहेर पडून चारचौघांत दिवस काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली होणारे वनभोजन, गावोगावच्या जत्रा, पंढरीची वारी हे सारे सहलीचेच पूर्वज होत. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि हळूहळू आडवाटेची गावेही सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली. बैलगाडीत एक कुटुंब मावे, एस.टी.त चाळीस-चव्वेचाळीस माणसे एका छपराखाली बसू लागली. शाळा, कचेऱ्या, भजनी मंडळे आणि आपल्यासारखी ज्ञातिमंडळे सहली काढू लागली, त्याचे मूळ या एका छपरात आहे.

आता असे पाहा की, आपली माणसे एरवी कोठे भेटतात? लग्नात, मुंजीत आणि दुःखाच्या प्रसंगी. लग्नात मानपान असतो, आहेर असतो, कोणाला पहिल्या पंगतीला बसविले आणि कोणाला नाही याची नोंद असते. ज्याची परिस्थिती बेताची आहे तो आहेराच्या विचाराने अर्धा होऊन येतो आणि अक्षता पडताच निघून जातो. सहलीला यातले काही नाही. देणे नाही, घेणे नाही. सगळ्यांनी एकाच गाडीत बसावे, एकाच धुळीतून जावे आणि एकाच पंगतीला जेवावे. मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत असा प्रसंग हा एकच आहे.

परंतु अलीकडे या प्रसंगालाही तडा जाऊ लागला आहे. गाडी ठरते, नावे नोंदविली जातात, आणि मग एकेक गृहस्थ सांगू लागतो, "आम्ही आमच्या मोटारीने मागून येतो." कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोणाला संध्याकाळी लवकर परतायचे आहे. कारणे खोटी नसतात. पण पाच-सहा मोटारी वेगळ्या निघाल्या म्हणजे मंडळाच्या गाडीत कोण उरतात? ज्यांच्याकडे मोटार नाही ते! जी गाडी सर्वांची होती ती नकळत गरिबांची होते. पुढच्या वर्षी तीच माणसे "यंदा जमणार नाही" म्हणून घरी राहतात. त्यांनी कारण सांगितले नाही तरी ते आपण ओळखले पाहिजे. सहल बंद पडते ती पैशावाचून क्वचितच. ती अशीच बंद पडते.

या संदर्भात मी आपणांस कार्ल्याच्या लेण्याचे स्मरण देतो. पुण्याहून ते सुमारे साठ किलोमीटरवर आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी एकवीरा आईच्या दर्शनाच्या निमित्ताने पाहिले आहे. देवीचे मंदिर लेण्याच्या तोंडाशीच आहे. आपण दर्शन घेतो, आत डोकावतो आणि पायऱ्या उतरू लागतो. पण ते चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. त्यात ३७ खांब आहेत आणि छताच्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. एवढे मोठे काम कोणा एका राजाने केले नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख तेथे आहे आणि त्यात या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हटले आहे. मात्र त्याच वास्तूत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख आहे, त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दार दिल्याचा लेख आहे, एका भिक्षुणीचे दान नोंदलेले आहे, आणि कित्येक खांबांवर ‘यवन’ म्हणविणाऱ्या, म्हणजे परदेशी मुळाच्या लोकांची नावे आहेत. श्रेष्ठी, सुतार, गंधी, भिक्षुणी आणि परकीय, सर्वांचे दान एका छताखाली उभे आहे. ज्याची जेवढी शक्ती तेवढा त्याचा वाटा. छत मात्र सर्वांवर सारखे.

आपली गाडीही अशीच असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. वर्गणी सर्वांना एकच ठेवावी आणि ती इतकी कमी असावी की चार माणसांच्या कुटुंबाला ती ऐकून हिशेब मांडत बसावे लागू नये. जी तूट येईल ती सुस्थितीतील सभासदांनी भरून काढावी. कोणी एका आसनाचा खर्च द्यावा, कोणी चार आसनांचा. कार्ल्याच्या दात्यांनी आपली नावे दगडावर कोरली, ते योग्यच झाले. येथे मात्र नाव कोरू नये. कोणाचे आसन कोणी दिले हे खजिनदाराखेरीज कोणाला कळता कामा नये. तसेच आसनांच्या चिठ्ठ्या टाकाव्या. पुढच्या दोन रांगा वृद्धांना आणि गाडी लागणाऱ्यांना राखून ठेवाव्या. मागच्या धक्क्याच्या आसनावर अध्यक्ष व चिटणीस यांनी बसावे. असे एकदा घडले की मोटारी आपोआप घरी राहतील.

दुसरी गोष्ट स्थळांच्या निवडीची. आपल्याला एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्याची हौस फार. येथे मी आपल्याला एक साधे गणित घालतो. चाळीस माणसे एकदा गाडीतून उतरली की स्वच्छतागृह, चहा आणि मोजणी होऊन पुन्हा बसेपर्यंत अर्धा तास जातो. पाच ठिकाणे म्हणजे अडीच तास नुसते चढण्या-उतरण्याचे. मग देवापुढे दहा मिनिटे आणि लेण्यात पाच! त्यापेक्षा एक मुख्य ठिकाण आणि एक विसाव्याची जागा एवढेच ठरवावे. जुन्नरकडे जावयाचे झाल्यास लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तर ओझरचे मंदिर नदीकाठी सपाटीवर आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांची ओझरला निवांत व्यवस्था करून बाकीच्यांनी लेण्याद्री चढून यावे. मात्र वृद्धांजवळ दोन तरुणांनी थांबलेच पाहिजे. "तुम्ही बसा, आम्ही येतो" असे म्हणून म्हाताऱ्यांना सामानाबरोबर मागे ठेवणे ही सहल नव्हे.

मागे एकदा आपल्या एका वयोवृद्ध भगिनींना आम्ही सावकाश, दर पंचवीस पायऱ्यांवर बसवीत कार्ल्याला वर नेले. पन्नास वर्षे त्यांचा पुण्यात संसार झाला. आत येऊन त्या खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मुंबईला जाताना या डोंगराखालून आगगाडीने किती वेळा गेले, पण वर काय आहे ते कोणी उतरवून दाखविले नाही." सहलीला कोणाला न्यावे याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले.

तिसरी गोष्ट भगिनींची. पुरुष ‘सहल’ म्हणतात तेव्हा बायका पहाटे तीनला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळीत असतात. दशम्या, बटाट्याची भाजी, चटणी, ताकाची बरणी हे सारे बांधून त्या गाडीत बसतात तेव्हा निम्म्या थकलेल्या असतात. आणि मुक्कामी पोहोचल्यावर वाढण्याचे कामही त्यांच्याकडेच येते. या एका दिवशी तरी जेवण स्थानिक लोकांकडून करवून घ्यावे. पिठले-भाकरी आणि ठेचा कोठेही मिळतो, आणि त्या गावातील चार घरांना कामही मिळते. वाढण्याचे काम पुरुषांनी करावे. स्वच्छतागृहाची सोय तर आधी कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून यावी. या एका कारणासाठी कित्येक स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे व्यवस्थापकांच्या लक्षातही येत नाही.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. ती मी थोडक्यात पण आग्रहाने सांगतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला जात असता आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एकच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा अंत झाला. ही सर्व माणसे आपल्यासारखीच, आनंदासाठी घराबाहेर पडलेली होती. म्हणून ऐन पावसाळ्यात घाटाची आणि पाण्याची सहल काढू नये; मार्गशीर्ष-पौषातील कोवळे ऊन आपल्याला पुरेसे आहे. गाडी खासगी असल्यास परवाना, योग्यतेचा दाखला, विमा ही कागदपत्रे आधी पाहावी. संकटकाळी उघडावयाच्या दारापुढे भांड्यांचे पेटारे रचू नयेत. चालकाला आदल्या रात्री झोप मिळाली आहे ना, हे त्याला प्रेमाने विचारावे. जेवायला त्याला आपल्या पंगतीत बसवावे. आणि गाडी सुटण्यापूर्वी प्रत्येक वेळी माणसे मोजावी, अंदाजाने नव्हे तर यादी हाती घेऊन, नावे पुकारून.

खर्चाची अडचण असेल तर दरवेळी स्वतंत्र गाडीच हवी असेही नाही. राज्य परिवहनाच्या नियमित फेऱ्यांत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवास आणि स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट अशी सवलत सुरू झाली. दहा-बारा वृद्ध मंडळींचा छोटा जथा एखाद्या आडवारी नेहमीच्या एस.टी.ने जाऊन येऊ शकतो. त्यासाठी पैशापेक्षा बरोबर येणारे दोन तरुण हवेत.

गाडीत काय करावे? पडद्यावर चित्रपट लावला की चाळीस माणसे चाळीस ठिकाणी जातात. गाण्याच्या भेंड्या उत्तम. शाळेच्या सवयीने मी आणखी एक सुचवितो. जाताना प्रत्येक मुलाला आपल्या घरच्या नव्हे अशा एका वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसवावे. त्यांचे मूळ गाव कोणते, पहिली नोकरी कोणती आणि लहानपणी कोणता खेळ खेळत, एवढे तीन प्रश्न मुलाने विचारावे व परतीच्या वाटेवर उभे राहून सर्वांना सांगावे. विटीदांडूची वर्णने ऐकताना मुले हातातला मोबाईल विसरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेवटी एक नाजूक विषय काढतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. गाडीत आसने रिकामी राहतात, आणि त्याच वेळी ज्ञातीबाहेर लग्न केलेली आपली लेक आपल्याच शहरात असते. तिला आमंत्रण जात नाही. तिच्या मुलांना आपल्या आजोबांच्या गावचे नावही ठाऊक नसते. मंडळ ज्ञातीचे आहे हे खरे. पण लेक लग्नाने आपली राहत नाही, असे आपल्या कोणत्या नियमात लिहिले आहे? ती, तिचे यजमान आणि मुले यांना मानाने बोलवावे. त्यानंतरही आसन उरले तर शेजाऱ्याला न्यावे. कार्ल्याच्या खांबांनी यवनाचे दान नाकारले नाही, आणि त्यामुळे ते छत दोन हजार वर्षांत खाली आले नाही.

सारांश, माझ्या तीन विनंत्या आहेत. पुढील वार्षिक सहलीस सर्वांनी मंडळाच्या गाडीतूनच यावे, पदाधिकाऱ्यांनी तर अवश्य. आसनदानाचा निधी गुप्तपणे उभारावा. आणि जे गेल्या वर्षी आले नाहीत त्यांच्या घरी छापील पत्रक न पाठविता कोणीतरी समक्ष जाऊन यावे. कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करावा, अशी प्रार्थना आहे. नावनोंदणीची वही चिटणीसांकडे आहे. आज जाण्यापूर्वी तीत प्रत्येकाने आपले नाव लिहावे, आणि त्याखाली दुसऱ्या कोणाकडे तरी जाऊन येण्याचे आपण पत्करले आहे त्याचेही.