आवतन कुणाला?

श्रोतेहो, पोळा म्हटला की लोकांना पुरणपोळी आठवते. मला आठवते ते लोणी. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी आई वाटीत लोणी आणि हळद कालवून द्यायची. बैलांच्या खांद्याला जू ओढून घट्टे पडलेले असत, तिथे बाबा ते चोळायचे. ही खांदमळणी. चोळता चोळता बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचे आवतन द्यायचे.

मालेगाव तालुक्यातले आमचे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पोळ्याला बैलांना सुट्टी. नदीवर आंघोळ, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. तोरणाखाली जोड्या उभ्या राहत, झडत्या रंगत आणि तोरण तुटले की बैल घरोघर निघत. आई दारात त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवायची. सालदारकाकांना घराघरांतून बोजारा मिळे. वर्षभर धुऱ्यावर बसून भाकर खाणारे काका त्या दिवशी नवे धोतर नेसून पाटावर बसत आणि बाबा स्वतः वाढत.

पुढे कापूस-ज्वारीच्या वावरात सोयाबीन आले. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. पेरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्रावर. जोडी वर्षभर पोसायची आणि काम मोजक्या दिवसांचे! आम्हीही शेवटची जोडी विकली. त्या दिवशी बाबा बाजारात आले नाहीत. २०२० मध्ये करोनामुळे सामूहिक पोळाच भरला नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली.

आता काही जण ट्रॅक्टरलाच हार घालतात. त्यात मला वावगे वाटत नाही. यंत्राने माणसाचेही कष्ट वाचवले आहेत. पण लोणी कुठे लावायचे?

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा बराच वेळ रिकाम्या गोठ्याशी बसले होते. मग नातवाला म्हणाले, "त्या ट्रॅक्टरवाल्या पोराले उद्या जेवाले सांगून ये."

पोरगा संकोचत आला. "आजवर भाडं सारेच देतात काका, आवतन कोणी देल्लं नाही," म्हणाला. बाबांनी थरथरत्या हातांनी त्याला पुरणपोळी वाढली.

श्रोतेहो, यंदा आम्ही आणखी पाट मांडणार आहोत. सोयाबीन सोंगायला येणाऱ्या बायांना आवतन द्यायचे राहूनच गेले होते.