घाई करणारा मेल

आज हॉस्पिटलमधल्या एका मेलची गोष्ट.

18 मार्च 2021. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कुणीतरी मेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली. हॅकर आठ आठवडे आत दबा धरून बसले आणि 14 मेला त्यांनी यंत्रणा ठप्प केली. देशभर अपॉइंटमेंट रद्द झाल्या, डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले.

तुम्ही म्हणाल, फाइल उघडणारा बावळट! मला नाही तसं वाटत. अमेरिकेतल्या 6 आरोग्यसंस्थांनी कर्मचाऱ्यांना जवळपास 30 लाख खोटे सराव-मेल पाठवले. 2019 साली निष्कर्ष आला, साधारण सातातल्या एका मेलवर क्लिक झालंच. वॉर्डात कायम घाई, वरिष्ठांचा शब्द मोडायची सवय नाही, आणि मदत करणं तर अंगात भिनलेलं. फिशिंगवाला हेच हेरतो. ‘तातडीचं’, ‘डीनच्या आदेशाने’, ‘पेशंटचा रिपोर्ट’.

मग करायचं काय? मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी 1960च्या दशकात मनाच्या लसीकरणाची कल्पना मांडली. फसवणुकीचा छोटा डोस आधीच द्यायचा. सराव-मेल म्हणजे तोच डोस. त्या अभ्यासातही सराव वाढला तसे क्लिक कमी झाले. पण फसलेल्याला ओरडू नका. ओरडलात, तर खरा क्लिक तो लपवेल आणि हॅकरला आयता वेळ मिळेल.

आणि ‘सावध राहा’ हे फार मोघम झालं. त्यापेक्षा पक्कं ठरवा, ‘मेलने घाई केली, तर मी आधी फोन करून विचारणार.’ नंबर मेलमधला नको हं, आपल्याकडे आधीपासून असलेला.

घरात कुणी हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे? आज जेवताना एवढं एक वाक्य सांगा. भेटू पुढच्या भागात!