पोटाला वार कसे कळतात?
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा काही भाग)

मंडळी, सुरुवात आपल्या बैठकीच्या खोलीतून करू. पाहुणे आलेत. चार वर्षांची पोर आईच्या मागे लपते. आपण म्हणतो, ‘असं काय करतेस? काकांना पापी दे, चॉकलेट मिळेल.’ ती मान हलवते. मग आपण तिला पुढे ढकलतो, वर ‘लाजते हो जरा’ म्हणून तिची बाजू सावरतो. तेवढ्यात ती शिकली काय? मोठ्यांचं मन राखायचं, आणि खाऊ घेतला की कुरकुर करायची नाही. याच पोरीनं उद्या भलत्या माणसाला ‘नाही’ म्हणावं, अशी आपली अपेक्षा!

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली अहवाल काढला. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, उलट थोडे जास्तच होते. छळणारे निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलं कुणापाशी बोललीच नव्हती. आपण मात्र ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढं बजावून निर्धास्त. कडी लावली खरी, पण भलत्याच दाराला.

मूल शब्दांत सांगेलच असं नाही. सुटलेली सवय परतते, अंथरूण ओलं होऊ लागतं. लाडक्या मामाचं नाव काढलं की गप्प होतं. शिकवणीच्या वेळी पोट दुखतं. एवढ्यावरून कुणावर ठपका ठेवू नका. पोट खरंच दुखत असेल. पण मंगळवारी आणि शुक्रवारीच दुखत असेल, तर पोटाला वार कसे कळतात, याचा विचार करा.

आणि ते बोललं, तर? ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न जिभेवर येईल. गिळा. आजीसमोर, मावशीसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘तुझं काही चुकलं नाही’ एवढं म्हणा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ही माहिती पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला देणं प्रत्येकाला बंधनकारक केलं. माहीत असून दडवली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं, तर वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. लोक घाबरतात ते पोलीस ठाण्याला. पण मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, तोही गणवेश न घालता, असं कायदाच सांगतो. कुणाला गाठावं सुचत नसेल, तर १०९८ फिरवा. रात्रीबेरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

व्याख्यान संपलं की कुणीतरी कोपऱ्यात गाठून हळूच विचारतं, ‘घरातलाच असेल तर?’ म्हणून आत्ताच सांगतो. नातेवाइकाचा गुन्हा कायदा अधिक गंभीर धरतो, आणि त्याची शिक्षाही जास्त आहे.