एकट्या बाकावरचा वकील



 रत्नागिरीतल्या या परिषदेचा विषय आहे ‘वकील आणि सार्वजनिक जीवन’. लोकमान्य टिळकांचा जन्म याच गावातला. ते एलएल.बी. झाले, पण वकिलीत शिरले नाहीत. पुण्यात लॉ क्लास चालवून त्यांनी कायदा शिकवला आणि पुढे स्वतः आरोपी म्हणून उभे राहून कोर्टापुढे आपली बाजू मांडली. बॅरिस्टरीची परीक्षा पार केलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांना लंडनच्या ग्रेज इनने राजकीय कारणावरून सनद नाकारली, आणि त्यांनी स्थानबद्धतेची तेरा वर्षे याच रत्नागिरीत काढली. या थोरांविषयी दोन दिवसांत पुष्कळ ऐकायला मिळेल. स्वागताध्यक्ष म्हणून मिळालेली ही पंधरा मिनिटे मी एका परक्या माणसासाठी वापरणार आहे. आपल्या बार रूममध्ये त्यांचे नाव सहसा निघत नाही, आणि ते निघायला हवे असे मला मनापासून वाटते.

जोशुआ बेंजामिन जेयरत्नम. सिंगापूरचे लोक त्यांना ‘जेबीजे’ म्हणत. श्रीलंकेतल्या जाफन्याचे हे तमिळ ख्रिस्ती कुटुंब पोटापाण्यासाठी मलायात गेलेले. वडील जोहोर संस्थानात सरकारी नोकरीत होते. मुलाचा जन्म 5 जानेवारी 1926 चा, जाफन्यातला, पण तो वाढला मलायात आणि शिकला सिंगापुरात. जपानी आक्रमणाने शिक्षणात खंड पडला. युद्ध संपल्यावर त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कायद्याचा अभ्यास केला आणि 1951 मध्ये ते बॅरिस्टर झाले. कुठून? ग्रेज इनमधून. सावरकरांना जिने दार बंद केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथून बॅरिस्टर झाले, तीच ही संस्था.

परत आल्यावर ते सिंगापूरच्या न्यायखात्यात लागले. सरकारी वकील, जिल्हा न्यायाधीश, सर्वोच्च न्यायालयाचे निबंधक अशा पायऱ्या भराभर चढले. आणखी काही वर्षे गप्प बसले असते, तर वरच्या न्यायासनावरही गेले असते. 1963 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, खासगी वकिली सुरू केली आणि 1971 मध्ये जवळजवळ मोडकळीस आलेल्या वर्कर्स पार्टीचे सरचिटणीसपद घेतले. पक्षाची निशाणी हातोडा.

त्या वेळचे सिंगापूर डोळ्यांसमोर आणा. 1968 पासून संसदेतली एकूण एक जागा पंतप्रधान ली क्वान यू यांच्या पीपल्स अॅक्शन पार्टीकडे. घरे होती, रोजगार होता, प्रशासन स्वच्छ होते. ही कर्तबगारी नाकारण्यात अर्थ नाही. पण सरकारला उभे राहून जाब विचारणारा एकही माणूस सभागृहात नव्हता. जेयरत्नम 1972 मध्ये हरले, 1976 मध्ये हरले, 1980 मध्ये हरले. मग अँसनची जागा रिकामी झाली, कारण तिथले खासदार देवन नायर राष्ट्राध्यक्ष झाले. बंदराजवळचा हा मतदारसंघ. बंदर विस्तारासाठी घरे सोडावी लागणार म्हणून तिथली कामगार कुटुंबे नाराज होती. 31 ऑक्टोबर 1981 च्या पोटनिवडणुकीत जेयरत्नम यांना 7,012 मते पडली, सत्ताधारी उमेदवाराला 6,359. फरक फक्त 653 मतांचा, पण तेरा वर्षांनी विरोधी पक्षाचा एक माणूस सभागृहात जाऊन बसला.

एका माणसाने काय होते, असे आपण सहज म्हणून जातो. मला हे मान्य नाही. विनाचौकशी स्थानबद्धता, कनिष्ठ न्यायाधीशांच्या बदल्या असे विषय त्यांनी सभागृहात काढले. मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली आणि ती कामकाजाच्या नोंदीत गेली. आपण वकील मंडळी नोंदीचे मोल जाणतो. खालच्या कोर्टात रेकॉर्डवर न आलेला मुद्दा वर कितीही तळमळीने मांडा, त्याचा उपयोग होत नाही. जेयरत्नम यांनी एका देशाचे रेकॉर्ड तयार केले. 1984 मध्ये अँसनने त्यांना आणखी मोठ्या मताधिक्याने निवडून दिले.

यापुढचा भाग खास वकिलांनी लक्ष देऊन ऐकावा असा आहे. पक्षाच्या डोक्यावर एका अब्रुनुकसानीच्या दाव्यातल्या खर्चाचे देणे होते. पक्षाला आलेले काही धनादेश धनकोच्या हाती लागू नयेत म्हणून दुसरीकडे वळवले आणि हिशेबाबद्दल खोटे प्रतिज्ञापन केले, असे आरोप जेयरत्नम आणि त्यांच्या एका सहकाऱ्यावर ठेवले गेले. 1984 मध्ये खालच्या कोर्टाने बहुतेक आरोपांतून त्यांना मोकळे केले. सरकार पक्ष अपिलात गेला, फेरसुनावणी झाली, दोष सिद्ध धरला गेला. नोव्हेंबर 1986 मध्ये एक महिन्याची कैद आणि 5,000 डॉलर दंड कायम झाला. दंड 2,000 डॉलर वा अधिक असेल तर खासदारकी जाते, अशी तिथल्या घटनेची तेव्हा तरतूद होती. खासदारकी गेली. पुढच्या वर्षी सनदही गेली.

फौजदारी शिक्षेविरुद्ध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायपीठाकडे, जाण्याची वाट त्यांना खुली नव्हती. सनद रद्द झाल्याविरुद्ध मात्र होती. तेवढ्या फटीतून ते आत शिरले. सनदेचा निवाडा करायचा तर मुळातली शिक्षा तपासावीच लागणार, हा त्यांचा मुद्दा टिकला. ऑक्टोबर 1988 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सनद परत दिली. जेयरत्नम आणि त्यांचे सहकारी, जे गुन्हे त्यांनी केलेच नव्हते त्यांसाठी दंड, कैद आणि बदनामी भोगून बसले आहेत, त्यांच्यावर घोर अन्याय झाला आहे, अशा आशयाचे स्पष्ट मत निकालपत्रात आले. तरीही शिक्षा जागेवरच राहिली, कारण ती रद्द करण्याचा अधिकार त्या अपिलात नव्हता. राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज गेला, तो फेटाळला गेला. शिक्षेमुळे आलेली निवडणूक लढवण्यावरची बंदी उठली नाही. आणि 1989 मध्ये कायदा बदलून सिंगापूरमधून प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले बहुतांशी बंद करण्यात आली. 1994 मध्ये ती पूर्णच थांबली.

मी त्यांना देवत्व देत नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्यांत ते पुन्हा पुन्हा हरले. ली क्वान यू यांनी लावलेल्या एका दाव्यात 1982 मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या विरोधात निकाल दिला होता. सार्वजनिक पदावरच्या माणसाचीही अब्रू राखली गेली पाहिजे, ही सिंगापूरच्या सत्ताधाऱ्यांची भूमिका तर्काला सोडून आहे असे मी म्हणणार नाही. पण दाव्याची रक्कम एवढी वाढावी की विरोधकाला सभागृहात बसणेच अशक्य व्हावे, हे माझ्यातल्या वकिलाला पटत नाही. पक्षाच्या ‘द हॅमर’ या मुखपत्रात 1995 मध्ये तमिळ भाषा सप्ताहाच्या संयोजकांवर टीका करणारा एक तमिळ लेख आला. त्यावर अब्रुनुकसानीचे दावे झाले आणि संपादक या नात्याने जबाबदारी जेयरत्नम यांच्यावर आली. भरपाईचे हप्ते थकले आणि 2001 मध्ये ते दिवाळखोर ठरले. हरलेल्या विरोधी उमेदवारांना मिळणारे बिनमतदारसंघाचे जे संसद सदस्यत्व त्यांच्याकडे 1997 पासून होते ते गेले, वकिलीही थांबली.

पंचाहत्तरी ओलांडलेला हा माणूस मग सिंगापूरच्या रस्त्यावर, मेट्रो स्थानकाबाहेर उभा राहून स्वतःची पुस्तके विकू लागला. गालांवर पांढरे दाट कल्ले, हातात पुस्तके, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने घातलेली साद. कधी काळी याच शहरात सर्वोच्च न्यायालयाचे निबंधक असलेला माणूस! काही लोक थांबून पुस्तक घेत, बरेच जण नजर चुकवून पुढे जात. 2007 मध्ये त्यांनी सुमारे 2,33,000 सिंगापूर डॉलर भरून दिवाळखोरीतून सुटका करून घेतली, एक्याऐंशीव्या वर्षी पुन्हा वकिलीला लागले आणि 2008 मध्ये रिफॉर्म पार्टी काढली. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला हृदयविकाराने ते गेले.

ज्या कायद्याने सर्वस्व घेतले, त्याच कायद्याच्या दारात ते शेवटपर्यंत जात राहिले. देश सोडला नाही, कोर्टावर बहिष्कार घातला नाही. मुदतीत अपील, अर्ज, पुन्हा अपील. तरुण वकिलांनी त्यांची धडाडीची भाषणे पाहण्याआधी 1988 चे ते निकालपत्र वाचावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सार्वजनिक जीवनात उतरलेल्या वकिलाची खरी परीक्षा स्वतःचाच खटला स्वतःच्या अंगावर आल्यावर होते, असे मी मानतो, आणि या मुद्द्यावर वक्त्यांनी माझ्याशी खुशाल वाद घालावा. जेयरत्नम यांनी सांभाळलेल्या वर्कर्स पार्टीने 2020 च्या निवडणुकीत दहा जागा जिंकल्या. त्या यशाचे श्रेय त्यांच्यानंतरच्या नेत्यांच्या शिस्तबद्ध बांधणीला आहे, पण अँसनच्या 653 मतांशिवाय तिची सुरुवात मला कल्पिता येत नाही.

दुपारच्या परिसंवादात अब्रुनुकसानीचा कायदा आणि लोकप्रतिनिधींची अपात्रता हे दोन्ही विषय एकत्र ठेवले आहेत, ते याच हेतूने.