व्हिसा आलाय, पण कोणता?

मी मूळचा बोरीचा. बोरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आजचा विषय आहे प्रवासाची इंग्रजी. पण 'हे केवढ्याला?' आणि 'बाथरूम कुठंय?' हे इंग्रजीत कसं विचारायचं, ते मी शिकवणार नाही. तेवढं हातवारे करूनही भागतं. आज आपण कागदावर छापलेले शब्द बघू. त्यांच्यापुढे हातवारे चालत नाहीत.

सुरुवात एका फोनने करतो. गेल्या वर्षी रात्री अकराला मावसभावाचा फोन आला.

"दादा, व्हिसा आला! पीडीएफ टाकलीय, बघ."

हा माझ्याहून चार वर्षांनी लहान. नववीतून शाळा सोडली, परभणीत वेल्डिंग शिकला, हात चांगला आहे. एका एजंटने त्याला दुबईत वेल्डरचं काम लावतो म्हणून सांगितलं होतं. मावशीने म्हैस विकून आणि सोयाबीनचे पैसे घालून साठ हजार दिले होते. उरलेले तेवढेच विमानात बसायच्या आधी द्यायचे होते.

मी पीडीएफ उघडली. नाव बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर. आणि व्हिसाच्या प्रकारापुढे एकच शब्द होता: टुरिस्ट.

"अरे, हा फिरायला जायचा व्हिसा आहे. कामाचा नाही."

"एजंट म्हणला, तिथं गेल्यावर बदलून देतेत. सगळे असेच जातेत."

आता इथे जरा थांबू. टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुणा. पाहुण्याने जेवायचं, फिरायचं, परत यायचं. कामासाठी लागतो तो एम्प्लॉयमेंट व्हिसा. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने काम केलं, तर तिथल्या कायद्याच्या नजरेत तो गुन्हा ठरतो. मालकाने पगार दिला नाही तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आणि व्हिसाची मुदत संपूनही तिथेच राहिला, तर त्याला म्हणतात ओव्हरस्टे. मग दंड लागतो, परत पाठवतात.

मग एजंट लोक असं का करतात? त्याचं उत्तर आहे तीन अक्षरांत: ईसीआर. म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर सहसा हे छापलेलं असतं. असा माणूस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला, की आधी सरकारची परवानगी लागते. तिला एमिग्रेशन क्लिअरन्स म्हणतात. हे सगळं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली चालतं. मालक कोण, पगार किती, करारात काय लिहिलंय, हे त्यात तपासलं जातं. प्रवासी भारतीय विमा योजना काढावी लागते, त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण आहे. फिरायला जाणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. म्हणून वेल्डरला टुरिस्ट करून टाकायचं, की तपासणीच टळली!

माझ्या भावाला तो ईसीआरचा शिक्का कमीपणाचा वाटायचा. "अडाणी असल्याचा छापा हाय तो," म्हणायचा. मी म्हटलं, छापा नाही रे, रखवालदार आहे. एजंटला तोच नको होता.

यात अजून एक जोडी आहे, तिच्यात भलेभले गोंधळतात. एमिग्रेशन आणि इमिग्रेशन. सोपी खूण सांगतो. 'ए'ने एक्झिट, म्हणजे आपला देश सोडून बाहेर जाणं. 'इ'ने इन, म्हणजे दुसऱ्या देशात आत जाणं. एकच माणूस इथून एमिग्रंट म्हणून निघतो आणि तिथे इमिग्रंट म्हणून उतरतो. गंमत म्हणजे मुंबई विमानतळावर जातानाही काउंटरवर पाटी इमिग्रेशनचीच असते. तेव्हा पाटीवरून नाही, आपल्या कागदावरून ओळखायचं.

तुम्ही म्हणाल, हा इंजिनिअर, याला सगळं येतं. अजिबात नाही! कंपनीने पहिल्यांदा युरोपला पाठवलं तेव्हा माझ्या व्हिसावर दीड महिन्याच्या तारखा होत्या. मी खुशाल तीन आठवड्यांनंतरचं परतीचं तिकीट काढलं. शेजारीच छापलं होतं ड्युरेशन ऑफ स्टे, १५ दिवस. तारखा सांगतात व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वापरता येईल. ड्युरेशन सांगतं, त्यात एकूण किती दिवस राहता येईल. ऑफिसातल्या एका ताईंनी पकडलं, म्हणून वाचलो. तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, हा शब्द तेव्हा पैसे भरून शिकलो.

आणि हे आपल्याला जमत नाही असं नाही बरं का. परभणी स्टेशनवर देवगिरीची वाट बघणाऱ्या कुणालाही विचारा. आरएसी म्हणजे साईड लोअरवर दोघांनी मिळून बसून जायचं, हे तो झोपेतही सांगेल. ते काही कुठल्या क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. गरज पडली, कागद वाचला, कळलं.

आता थोडं मनातलं बोलतो. मायग्रंट हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायला. मुंबईला जाताना आपली देवगिरी त्याच रुळांवरून जाते. त्याच दिवसांत मीही पुण्याहून बोरीला आलो होतो. पोटासाठी शहरात गेलेला मी, आणि ते पण. त्यांना मायग्रंट म्हटलं, माझं वर्क फ्रॉम होम झालं. आम्ही परदेशी गेलो की ऑनसाइट, एक्सपॅट. मावसभाऊ गेला तर लेबर. आणि आपल्याकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोला तर एक कोयता म्हणून मोजतात. दोन माणसं, नाव एका हत्याराचं.

आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे यासाठी एकच शब्द होता. दुष्काळात लोक 'जगायला गेले' म्हणायचे. मजूर असो की मास्तर, जगायलाच गेला. मला तो शब्द सगळ्यात खरा वाटतो. पण विमानतळावर तो चालत नाही. तिथे कागदावरचाच चालतो, म्हणून तो वाचायचा.

तर भावाचं काय झालं? त्याच रात्री आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव शोधलं. नोंदणीकृत एजंटांच्या यादीत ते नव्हतंच. नोंदणीकृत एजंटला सेवेसाठी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, हेही तेव्हाच कळलं. मावशीने आधीच त्याच्या दुप्पट दिले होते. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हैस तर गेली, दादा."

चार महिने चकरा मारून पंचवीस हजार परत मिळाले. बाकीचे बुडाल्यात जमा. दुबईचं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये. यंदा त्याने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. इंग्रजीच्या पेपरची भीती वाटते म्हणतो. मी त्याला म्हटलं, तुझा अर्धा अभ्यास झालाय. टुरिस्टचा अर्थ तू जन्मात विसरणार नाहीस.

मंडळी, तुमच्या घरात कुणाची पीडीएफ आली असेल, तर अभिनंदन करायच्या आधी व्हिसाचा प्रकार, मुदत आणि राहायचे दिवस, या तीन गोष्टी वाचा. समजलं नाही तर विचारा, लाजू नका. भेटू पुढच्या भागात. तोवर नीट जा, नीट या!