लेकीसोबत नाजाकच्या किल्ल्यावर



गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा विमानात बसले. माझी लेक फ्रान्समध्ये तुलूझ शहरात नोकरीला आहे. तिथं विमानं बनवण्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळं आपली मराठी मुलंही तिकडं भेटतात. पंधरा दिवस तिच्याकडं राहायचं होतं. बॅगेत लोणचं, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी होती, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात एका मुलाचा फोटो होता. स्थळ चांगलं होतं. घरातल्या मोठ्यांनी बजावलं होतं, "तिचा होकार घेऊनच ये."

पहिल्या रविवारी लेक म्हणाली, "आई, चल, तुला एक किल्ला दाखवते." आम्ही साताऱ्याची माणसं. अजिंक्यतारा बघतच लहानाची मोठी झाले, म्हणून लगेच हो म्हटलं. रेल्वेनं आम्ही नाजाक नावाच्या गावी गेलो. स्टेशन खाली आव्हेरों नदीच्या काठी आणि गाव वर डोंगराच्या सोंडेवर. माझे गुडघे कुरकुरत होते. चार पावलं चालायची, थांबायचं, पाणी प्यायचं, असं करत वर पोचलो.

गाव कसं आहे सांगू? डोंगराची अरुंद धार आहे, तिच्यावरून एकच लांब रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना दगडालाकडाची जुनी घरं. वस्ती जेमतेम सातशेच्या आसपास. रस्त्यात एक दगडी कारंजं लागतं. एकाच अखंड दगडातून कोरलेलं, त्याच्यावर साल आहे 1344. मी त्या पाण्यात हात घातला. म्हटलं, इथं किती बायकांनी भांडी भरली असतील! पुढं फुआस नावाचा गोडसर पाव घेतला. त्याला नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचा वास असतो. आपल्या शिऱ्यात वेलची, तसं त्यांचं ते.

मग चर्च लागलं. आत एकच मोठं दालन, साधं आणि गार. बरं वाटलं. पण त्याची गोष्ट ऐकून वाईट वाटलं. तेराव्या शतकात या भागात कॅथर नावाचा एक ख्रिस्ती पंथ होता. रोमच्या चर्चनं त्याला पाखंड ठरवलं. नाजाकच्या लोकांवरही ठपका आला, आणि शिक्षा काय, तर हे चर्च त्यांनी स्वतःच्या खर्चानं बांधायचं. म्हणजे दंडही तुमचाच, दगडही तुमचेच.

आणि सगळ्यात वर किल्ला. आता बराचसा पडका आहे. फ्रेंच क्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड काढून नेले. पण मोठा गोल बुरूज अजून ताठ उभा आहे, जवळजवळ चाळीस मीटर उंच. भिंतीत बाण मारायच्या फटी आहेत, त्या जवळजवळ सात मीटर उंचीच्या. एकाच फटीतून तीन तिरंदाज एकावर एक उभे राहून बाण सोडू शकत. गोल जिना चढून वर गेलो. खाली नदीनं डोंगराला वळसा घातलेला, चहूकडं हिरवीगार झाडी.

वर बसून लेकीनं मला माहितीपत्रक मराठीत वाचून दाखवलं. हा किल्ला 1253 पासून बांधला आल्फोन्स द प्वातिए यानं. फ्रान्सच्या राजाचा हा भाऊ. गावातल्या लोकांना त्याचा अंमल पसंत नव्हता, म्हणून त्यांच्यावर वचक ठेवायला एवढा बुरूज. मी विचारलं, "राजाच्या भावाला हा मुलूख मिळाला कसा?"

ती म्हणाली, "बायकोकडून."

त्या बायकोचं नाव झान. तुलूझच्या सरदाराची, सातव्या रेमोंची एकुलती एक मुलगी. वीस वर्षं लढाई चालली, वडील हरले आणि 1229 मध्ये तह झाला. तहात कलम घातलं की मुलीचं लग्न राजाच्या भावाशी होईल, आणि त्यांना मूल झालं नाही तर सगळा मुलूख राजाचा. तेव्हा झान नऊ वर्षांची होती. तिला आईपासून काढून राजाच्या घरी वाढायला नेलं. पुढं लग्न झालं, पण मूल झालं नाही. 1271 मध्ये धर्मयुद्धाहून परतताना नवराबायको दोघंही काही दिवसांच्या अंतरानं गेले आणि मुलूख राजाच्या पदरात पडला. आज सगळे आल्फोन्सचा किल्ला म्हणतात. जमीन मात्र झानच्या माहेरची.

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. माझं लग्न ठरलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बाहेरच्या खोलीत आजोबांनी आणि मामांनी सुपारी फोडली, तेव्हा मी आत चहा गाळत होते. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. आणि आता मीच पर्समध्ये फोटो घालून सात समुद्र ओलांडून आले होते.

उतरताना कारंज्यापाशी बसलो. मी फोटो काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, "बघ. नाही म्हणालीस तरी चालेल." तिनं नीट बघितला, परत दिला आणि म्हणाली, "नाही गं आई. एवढ्यात नको, आणि असं नको."

रात्री मीच घरी फोन लावला. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ह्यांचा आवाज आला, "तू काय म्हणालीस तिला?" म्हटलं, "बरं म्हणाले." ते म्हणाले, "मग झालं." थोरले दीर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बोलतील हळूहळू.

आपल्याकडं स्थळं येतच राहणार. मुलगी शिकलेली असो नाहीतर नसो, गावात असो नाहीतर परदेशात, बाहेरच्या खोलीत सुपारी फुटायच्या आधी आत जाऊन तिला एकदा विचारा. आणि तिचं उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा.